रामकिसनच्या पसंतीचं हॉटेल

आमच्या दादाचं लग्न पाण्यापायी दोनदा पुढं ढकललं, ते साल सत्त्याऐंशीचं. वऱ्हाडाला प्यायला पाणी कुठून आणायचं, याचं उत्तर मुलीकडच्यांना सापडत नव्हतं. करमाडजवळच्या आमच्या गावातही विहिरींचे तळ दिसत होते. म्हणून मी औरंगाबादला, मुकुंदवाडीत, थोरल्या बहिणीकडं आले आणि चिकलठाण्याला खोक्यांच्या कारखान्यात कामाला लागले. एकोणीस वर्षांची होते.

मुकुंदवाडी तेव्हा धड गाव नव्हतं, धड शहरही नव्हतं. रोज कुठंतरी नवी भिंत उभी राहायची. नळ मात्र कोरडे. एक दिवसाआड टँकर यायचा, आणि तो आला की बायका रस्त्यावर धावायच्या.

अशाच एका सकाळी माझा हंडा हातातून सुटला आणि घरंगळत टँकरच्या चाकाखाली गेला. करकचून ब्रेक लागला. ड्रायव्हर खाली उडी मारून आला. उन्हानं रापलेला, कपाळाला लाल रुमाल बांधलेला.

"हंडा तुझा का?"

"होता. आता तुमचाच."

तो हसला. मग रांग ओरडत असताना हा बाबा पायरीवर बसून लोखंडी पान्यानं माझा हंडा ठोकून सरळ करत बसला. त्याचं नाव रामकिसन. लग्नानंतर तोंडानं मी हे नाव कधी घेतलं नाही, पण लिहायला काही हरकत नाही.

पुढं दोन महिने तसंच चाललं… एक नजर, एखादा शब्द. आमच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न दोनदा वाजायचा. दुसऱ्या गल्लीत एकदाच.

मग वैशाखात बहिणीनं सांगितलं, "आवडा, सोमवारी वेरूळचे पाहुणे तुला बघायला यायलेत. मुलगा बरा आहे. पसंत पडलीस तर तिथंच सुपारी फोडायची."

मी ते पाणी भरता भरता रामकिसनला सांगितलं. त्याच्या हातातला पाईप तसाच राहिला. हंडा भरून वाहायला लागला.

"आरं पाणी चाललं की, मेल्या!" मागून बायका ओरडल्या.

तो हळूच म्हणाला, "रविवारी दुपारी जेवायला येशील? चांगल्या हॉटेलात. मला एक विचारायचंय."

"मग इथंच विचारा की."

"इथं? हा पाईप धरून?"

रविवारी कारखान्यात जादा काम आहे असं बहिणीला सांगून, तिचीच पोपटी साडी नेसून मी निघाले. चारच्या आत परत यायचं होतं. क्रांती चौकात रामकिसन उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, रुमाल नाही. क्षणभर मी ओळखलंच नाही.

पहिलं हॉटेल चौकाजवळच होतं. आत पडदे लावलेल्या फॅमिली रूम होत्या. पडदा सरकवून आम्ही बसलो. गुडघ्याला गुडघा लागेल एवढीच जागा. आता विचारील, आता विचारील. वेटरनं पाण्याचे दोन ग्लास ठेवले. रामकिसननं ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"चल. दुसरीकडं जाऊ."

"का हो?"

"चल तर."

दुसरं हॉटेल गुलमंडीवर. पुऱ्यांचा वास रस्त्यापर्यंत येत होता. गल्ल्यावरच्या शेठनं आम्हाला पायरीवरच पाहिलं. "अरे रामकिसन! आज टंकी नहीं, दुल्हन लेके आया क्या?"

माझे कान तापले. वाटलं, हा आता छाती पुढं काढून काहीतरी बोलेल. पण तो लाल झाला, "आया शेठ, अब्बी आया," असं पुटपुटला आणि मला घेऊन खालीच उतरला.

ऊन डोक्यावर आलं होतं. त्यानं रिक्षा केली. तिसरं हॉटेल स्टेशन रोडला, परदेशी पाहुणे लेणी बघून आल्यावर जेवतात तसलं. टेबलांवर पांढऱ्या चादरी, दारात फेटेवाला. रामकिसन फाटकापाशी थांबला, गच्चीवरच्या टाकीकडं बघत राहिला आणि मान हलवली.

"नाय. इथं पण नाय."

दीड वाजून गेला होता. चपला चावत होत्या, पोटात कावळे ओरडत होते आणि उद्या सोमवार होता. मी तिथंच फुटपाथवर उभी राहिले.

"खरं सांगा, लाज वाटती ना माझी? सगळे तुम्हाला ओळखतेत. खोकी चिकटवणारी पोरगी संगं दिसाया नको, व्हय ना? मग कशाला बोलवलं?"

"लाज?" तो दचकला. "आवडा, लाज तुझी नाय… माझी वाटती."

"म्हणजे?"

"ह्या सगळ्या हॉटेलांत मीच पाणी टाकतो. बांधकामासाठी म्हणून एका जुन्या विहिरीतून भरतो आणि दुपारनंतर गाडीचा मालक तेच हॉटेलांच्या टाक्यांत सोडाया लावतो. हिरवं पाणी. वास मारतं. तुला जेवायला बोलवलं तवा डोक्यात हे आलंच नाय. वाटलं, शहर एवढं मोठं, एखादी तरी टाकी सुटली असंल. पण जिथं जावं तिथं माझीच गाडी जाऊन आलेली."

मला हसू यायला लागलं होतं, पण एकदम मनात चर्रर्र झालं.

"आन् आमच्या गल्लीत? आम्हाला पण तेच?"

"नाय!" तो इतक्या जोरात म्हणाला की फेटेवाल्यानं मान वळवली. मग खाली बघत पुटपुटला, "तुमच्या गल्लीचं पाणी पैठण रोडच्या एका मळ्यातनं आणतो. गोडं. दहा-बारा किलोमीटर लांब पडतं. मालक म्हणतो, ही गाडी डिझेल लई पिती."

"सगळ्या गल्लीसाठी?"

"मग? एकट्या तुझ्या हंड्यात कसं टाकणार?"

मी इकडं तिकडं बघितलं आणि रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या खानावळीकडं बोट केलं.

"हॉटेल आता मी ठरवते. ते बघा. पाणी प्यायचंच नाही, नुसतं जेवायचं."

लाकडी बाकावर आम्ही समोरासमोर बसलो. शेवभाजी आली, भाकरी आली, वर हिरवा ठेचा. पाण्याचे ग्लास आम्ही दोघांनी मिळून बाकाच्या टोकाला सरकवले. भाजी अशी जहाल की माझ्या डोळ्यांतून धार लागली. रामकिसननं गोटी सोडे मागवले. दोन, मग आणखी दोन.

"उद्या…" तो म्हणाला आणि त्याला उचकी लागली.

"उद्या काय?"

"उद्या ते वेरूळचे…" उचकी. "त्यांच्या आधी…" उचकी.

"अहो, नीट बोला की! तीन वाजत आले."

त्यानं छातीवर हात दाबून धरला आणि एका दमात म्हणाला, "उद्या मामाला घेऊन तुझ्या बहिणीकडं येऊ का? येऊ म्हण. नाय म्हणालीस तरी पाणी त्याच मळ्यातनं येईल, त्याची काळजी नको."

सोडा संपला होता. घसा जळत होता. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी हात लांब केला, सरकवलेला ग्लास ओढला आणि तोंडाला लावला.

"अगं, नको! ते माझ्याच गाडीचं आहे!"

"तुम्हीच आणलं ना? मग चालतं," असं म्हणून मी ग्लास रिकामा केला.

तो बघतच राहिला. उचकी आपोआप थांबली.

ते पाणी खरंच वाईट होतं. सोमवारी वेरूळचे पाहुणे आले तेव्हा मी पोट धरून आत पडले होते. बहिणीनं तीनदा उठवलं, तीनदा मी परसात पळाले. पाहुण्यांनी चहा घेतला. मुलाची आई म्हणाली, "पोरीची तब्येत नाजूक दिसती, बाई," आणि ते उठले.

संध्याकाळी रामकिसन मामाला घेऊन आला. हातात मळ्यातल्या पाण्याची कळशी. बहिणीनं त्याला दारातच विचारलं, "आज टँकरचा वार नाय. कसं काय?" मी आतून सगळं ऐकत होते. त्यानं सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं, खानावळ धरून. बहीण आधी मला ओरडली, मग हसली, मग चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. त्या मालकाची गाडी ह्यांनी त्याआधीच सोडली होती. अठ्ठावीस वर्षं संसार झाला.

रामकिसन दोन हजार सोळा सालच्या एप्रिलच्या एकोणीस तारखेला, दुपारच्या झोपेत गेले. चौपन्न वर्षांचे होते.