दुसरी घंटा

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण हे खरंच घडलंय. तेही ईस्टरच्या भर दुपारी, उत्तर जर्मनीतल्या ओस्टरवेर्डम गावच्या चर्चमध्ये. अख्खा गाव तिथे केक खात बसला होता.

तिथला ऑर्गन गावातल्या कुठल्याही घरापेक्षा जुना. भिंतभर कथलाच्या नळ्या. मागच्या खोलीत माणसाएवढे चामडी भाते. वादकाने घंटेची खुंटी ओढली, की खोलीतला माणूस भाते तुडवून नळ्यांना वारा द्यायचा.

पहिली घंटा म्हणजे सुरू कर.

दुसरी म्हणजे थांब.

गावातल्या हिल्केचे वडील ओनो हे काम करायचे. एका पायाने अधू. एका ईस्टरला तेव्हाचा वादक दुसरी घंटा द्यायला विसरला आणि जेवायला निघून गेला.

ओनो हुकमाचे पक्के. तुडवत राहिले...

संध्याकाळी सापडले. भात्यावरच.

गाव हळहळला. मग वारा द्यायला विजेची मोटर आली. घंटा भंगारात गेली. खुंटी तेवढी शोभेला राहिली.

त्या दुपारी, मोठ्या दुरुस्तीनंतर, ऑर्गन पहिल्यांदा वाजणार होता. नवी मोटरही आली होती. वादक त्यार्को बाकावर बसला. शेजारी पानं उलटायला हिल्के, आता म्हातारी झालेली.

"हिल्केमावशी, ओढू का खुंटी? फोटो झकास येईल."

"नको रे बाबा. नसती थट्टा."

"अगं, घंटाच नाहीये! काय होणारे?"

ओढली.

टण्ण...

लोक हसले. हिल्के नाही हसली.

भिंतीमागून आवाज आला.

धप्प... सर्र. धप्प... सर्र.

एक पाय जड. एक घासत.

"त्यार्को, दुसरी दे! आधी दुसरी घंटा दे!"

त्याने खुंटी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली.

घंटा वाजलीच नाही. मागची धप्प-सर्र चालूच.

घाबरून त्याने हात पट्ट्यांवर टेकले, तर सगळ्या नळ्या एकदम गरजल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मोटर काय दमदार आहे!" पाद्रीबुवा म्हणाले.

मागच्या बाकावरून वायरमन बोलला, तोंडात केक. "पाद्रीबुवा, मोटर अजून जोडलीच नाहीये."

चर्चच्या समितीची बैठक तिथेच भरली. विजेचं बिल वाचेल, यावर एकमत झालं.

"अहो, माझे वडील आहेत ते!" हिल्के ओरडली.

"म्हणूनच तर, बाई," पाद्रीबुवा प्रेमाने म्हणाले. "घरचा माणूस."

मोटर परत गेली.

आता दर रविवारी प्रार्थनेआधी हिल्के भात्याच्या खोलीत चहाचा कप ठेवते. त्या भागातली रीत अशी, की कपात चमचा ठेवला म्हणजे 'पुरे'. नाही ठेवला, तर समोरचा ओततच राहतो.

हिल्के चमचा कपात ठेवून येते. घंटा नाही, तर निदान चमचा. बाबा, पुरे.

प्रार्थना संपली की बघायला जाते.

कप रिकामा असतो.

आणि चमचा...

बशीत.