लाकडी नाही, हायब्रिड!

"येतोय, येतोय... नवाकोरा, भव्य, लाकडी रोलर कोस्टर!"

लाउडस्पीकरवर हा खणखणीत आवाज घुमला तेव्हा मी सगळ्यात उंच चढावावर, रुळाच्या कडेच्या अरुंद जिन्यात उभी राहून बोल्ट तपासत होते. माझं डोकंच फिरलं. कठड्यावरून वाकून मी ओरडले, "लाकडी नाही तो!"

खाली माइक धरून एक तरुण उभा होता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं... आणि माइकवरच म्हणाला, "मंडळी, आत्ताच आकाशवाणी झाली आहे."

सांगाड्यावर काम करणारे सगळे सुतार खो खो हसले. मी तरातरा खाली उतरले. उद्यानाच्या मालकांनी उद्घाटनासाठी नवा निवेदक आणलाय, एवढं कानावर आलं होतं. तो हाच.

"मला तर सगळीकडे लाकूडच दिसतंय," तो साळसूदपणे म्हणाला. त्याची नजर मात्र लाकडावर नव्हती.

"सांगाडा लाकडाचा आहे. रूळ पोलादी. नुसत्या सांगाड्यावरून कोस्टर लाकडी ठरत नाही. दोन्ही एकत्र असलं की हायब्रिड."

"हायब्रिड? लोकांना टोमॅटो आठवतील हो!"

हसू दाबायला मला मान वळवावी लागली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. "मला सगळे प्रकार शिकवा, इंजिनिअरबाई. चुकीचं बोललेलं मलाही आवडत नाही." मग रोज काम संपलं की आम्ही उद्यानभर हिंडू लागलो. हवेत ग्रीसचा आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा वास असायचा. डोक्यावरून गाडी धडधडत गेली की बोलणं अर्ध्यावर थांबायचं, आणि तेवढा वेळ आम्ही नुसते एकमेकांकडे बघत राहायचो.

"हा इन्व्हर्टेड," मी सांगत होते. "डबे रुळाच्या खाली, पाय अधांतरी. पण डबा रुळाला घट्ट जखडलेला. सस्पेंडेडचे डबेही खालीच असतात, फक्त ते वळणावर मोकळे हेलकावतात."

"म्हणजे एक हट्टी आणि एक मनमोकळा. तुम्ही कुठल्या?"

"ते माणसावर अवलंबून आहे."

"आणि हा पलीकडचा?"

"लाँच कोस्टर. याला सुरुवातीला चढाव नाही. उभ्या जागेवरून एकदम सुसाट."

"नाही... मला नाही जमणार तसं," तो हळूच म्हणाला. तो कोस्टरबद्दल बोलत नव्हता, हे माझ्या कानांच्या पाळ्यांना आधी कळलं. त्या तापल्या.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फाटकावर मोठं पोस्टर लागलं — 'भव्य लाकडी कोस्टर!' मी तडक मालकांच्या खोलीत गेले.

"लाकडी म्हटलं की लोक येतात," मालक म्हणाले. "हायब्रिड कुणाला कळणार आहे?"

"ज्यांनी बांधलाय त्यांना."

"बाई, शब्दासाठी कशाला भांडता?"

भांडण शब्दासाठी नव्हतंच. माझी गाडी हवेत जी पूर्ण उलटी गिरकी घेणार होती, ती आखायला मी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. लाकडी रुळावर ती घेणं महाकठीण, म्हणून पोलाद. आणि त्या पोलादाला पेलणारं लाकूड सुतारांच्या मुकादमांनी, आमच्या सुतारकाकांनी, केसभरही फरक न ठेवता जोडलं होतं. नुसतं लाकडी म्हणायचं म्हणजे आमची निम्मी मेहनत पुसून टाकायची.

बाहेर तो उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही उगाच यात पडू नका," मी म्हणाले. "तुमची नोकरी अजून पक्की नाही."

"मी त्यांना आवाज भाड्याने दिलाय... जीभ नाही."

सकाळी मैदान माणसांनी फुलून गेलं. पुढच्या रांगेत मालक, त्यांच्यामागे मी आणि माझी आई. त्याने माइक घेतला.

"मंडळी, लाकडी कोस्टर तुम्ही पाहिले असतील. पोलादीही पाहिले असतील. पण आमच्या मालकांना तेवढ्यावर समाधान नव्हतं! त्यांनी उभा केलाय हायब्रिड. सुतारांचं लाकूड, वेल्डरांचं पोलाद, आणि हे दोन्ही जुळवणारी बुद्धी... ती या बाईंची. उठा ना, इंजिनिअरबाई, लोकांना बघू द्या."

मी उठले. टाळ्यांनी कान बधिर झाले. सुतारकाका खांद्यावरचा पंचा फिरवत होते. मालकांनी आधी डोळे वटारले, मग टाळ्यांचा जोर पाहून तेही उभे राहिले आणि चारी बाजूंना नमस्कार करू लागले. जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "उद्यापासून हेच बोलायचं. रोज!"

पहिली गाडी लागली. मी पुढच्या डब्यात बसले आणि शेजारची जागा दाखवली. "बसता?"

"मी बसलो तर आवाजही बसेल."

"बसू दे."

तो बसला. गाडी टक-टक करत चढू लागली. वारा वाढला. खाली माणसं ठिपक्यांएवढी झाली. टोकाशी आलो तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तो समोर नाही, माझ्याकडेच बघत होता.

"मला तुझा फार... फार अभिमान वाटतो," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "नुसता निवेदक म्हणून नाही. तुझ्या घरचा माणूस होऊन तो मिरवायचाय. चालेल?"

"हो," मी म्हणाले, आणि त्याचा हात धरला. पुढच्याच क्षणी पायाखालून सगळं जग निसटलं.

गाडी परत लागली तेव्हा आई फलाटावर उभी होती. शेजारच्या अनोळखी बाईंना ती सांगत होती, "हे सगळं माझ्या मुलीने केलंय बरं का!"

"आई," मी धापा टाकत म्हणाले, "मी याला हो म्हटलंय."

आईने आमच्या गुंफलेल्या हातांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे, वरपासून खालपर्यंत. मान ताठ करून त्या बाईंना म्हणाली, "आणि हे आमचे जावई." मग हळूच माझ्या कानाशी आली.

"आधी त्याला पाणी दे गं. बिचारा उभा राहतोय की पडतोय, तेच कळत नाहीये!"