न मम

लातूरच्या कोर्टात तारीख असली, की सौदामिनीबाई नांदेडहून सकाळची एसटी धरायच्या. त्याआधी आंघोळ, पूजा, एक माळ जप. देवाला दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा नेम.

चाकूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. खिडकीसमोरच्या कोपऱ्यात पिचकाऱ्यांचा तांबडा-काळा थर साचला होता. उन्हानं त्याला वरून साय धरली होती आणि सायीत सुपारीच्या रिकाम्या पुड्या रुतून बसल्या होत्या. प्रत्येक पुडीवर चघळ्याचं चित्र. बाईंनी पदर नाकाला लावला.

चघळ्या त्यांच्या वडिलांचा, लेखक रेणुकादासांचा. त्यांच्या अद्भुत कादंबऱ्यांची नऊ पुस्तकं दोन पिढ्यांनी पांघरुणात तोंड खुपसून वाचली होती. त्यातला हा चघळ्या बारवेच्या शेवटच्या पायरीखाली राहायचा. त्याला स्वतःचं तोंड नव्हतं. जो त्याला ‘माझा’ म्हणेल, त्याच्या तोंडानं तो खायचा.

मृत्युपत्रात वडिलांनी पुस्तकांचे सगळे हक्क लेकीला दिले होते. धाकट्या भावानं, आलोकनं मात्र चघळ्याचं नाव आणि चित्र ट्रेडमार्क म्हणून गुपचूप स्वतःच्या नावावर नोंदवलं, आणि सुपारीवाल्याला वापरायला दिलं. ज्या बापानं जन्मात पानाला चुना लावला नाही, त्याचं लेखन आता लोक थुंकत होते. ते थांबवायचं, एवढ्यासाठीच बाई दोन वर्षं लातूरच्या खेपा घालत होत्या.

“आलोकच्या बाजूचा मुद्दा एकच आहे, बाई,” लातूरला पोचल्यावर त्यांच्या उज्वला वकील म्हणाल्या. “रेणुकादासांनी प्रत्येक हस्तलिखिताच्या शेवटी स्वतःच्या हातानं ‘न मम’ लिहिलंय. हे माझं नव्हे. म्हणजे त्यांनी हक्क सोडला, चघळ्या बेवारशी झाला, आणि आधी येईल त्यानं उचलावा.”

“अहो, आहुती टाकताना म्हणतात तसं ते,” बाई हळूच म्हणाल्या. “दान देताना म्हणावं लागतं. त्याचा काय कागद करतात का?”

“तेच प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. ती नुसती रीत होती. चघळ्या त्यांचाच होता आणि त्यांच्यामागं तो तुमचा आहे. स्वच्छ शब्दांत पाहिजे.”

बाईंना वडील आठवले. ते दोन शब्द लिहून झाले, की अण्णा पेन मिटायचे, अंगणात जायचे आणि खळखळून चुळा भरायचे. तांब्या घेऊन लहानगी सौदामिनी उभी असायची. एकदा तिनं विचारलं होतं, “देवाला दिलं का, अण्णा?”

“देवाला न्हाई गं,” ते म्हणाले होते, आणि आणखी एक चूळ भरली होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात आलोक बाकावर बसला होता. गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून लोंबलेला. जबडा सारखा हलत होता.

“आधी थुंकून ये,” बाई म्हणाल्या. “मग बोल माझ्याशी.”

“काय थुंकू, अक्का? तोंडात काहीच न्हाई.”

त्यानं आ वासला. खरंच काही नव्हतं. गालांची आतली कातडी चावून चावून पांढरी, लोंबती झाली होती. बारवेच्या तळच्या शेवाळाचा भपकारा आला. वासलेल्या तोंडातही खालचा जबडा थांबला नव्हता. सावकाश, चवीनं फिरत होता.

“नोंदणीचा कागद आला तवापासून चालूच हाय. भाकर मी खातो अन् चव दुसऱ्याच कुणाला लागून राहिली.”

“मग सोडून दे ना तो ट्रेडमार्क.”

“सोडून बघितला. नुसतं सोडून जात न्हाई.” त्यानं तिचा हात धरला. तळवा ओला होता. “तूच जिंक, अक्का. सही कर. लई उपकार होतील.”

बाईंनी हात झटकला, पदराला पुसला. ढोंगी मेला. बापाला बाजारात बसवलं आणि आता दया मागतोय. त्या रागातच त्या टेबलापाशी गेल्या. कारकुनानं मजकूर वाचून दाखवला, शपथ घ्यायला सांगितलं.

“चघळ्या माझा आहे,” बाई म्हणाल्या, आणि सही केली.

बाहेर आलोकचा जबडा थांबला होता. तो दोन्ही हातांनी गाल चाचपत होता. समोर बसलेल्या अनोळखी म्हातारीकडून त्यानं बिस्किट मागून घेतलं, चावलं आणि भर व्हरांड्यात रडायला लागला.

“गोड हाय, अक्का! गोड लागतंय!”

बाईंना शिसारी आली. त्या तडक स्टँडवर गेल्या.

महिन्याभरात मनाई हुकूम मिळाला. दुकानांतून पुड्या उतरल्या. उज्वला वकिलांनी फोनवर अभिनंदन केलं आणि विचारलं, “जेवताय का? नंतर करू?”

“न्हाई हो,” बाई म्हणाल्या. “आताच तर जपाला बसले.”

एकादशी आली. बाईंची एकादशी निर्जळी. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. दुपारी नात ऋतुजा शाळेतून आली, तेव्हा त्यांनीच तिची वेणी घातली आणि खाली लाल सॅटिनची रिबीन बांधली. पोरगी कुशीत झोपली. बाईंचाही डोळा लागला.

जाग आली, ती शेवाळाच्या वासानं.

दाढा दुखत होत्या.

“आजी,” ऋतुजा उठून बसली होती. “माझी वेणी ओली कशानं झाली?”

वीतभर वेणी लाळेनं चिकट झाली होती. टोकाचे केस कुरतडल्यासारखे तुटले होते. रिबीन नव्हती.

बाईंनी उशी उचलली. चादर झटकली. खाटेखाली पाहिलं.

“सापडंल गं,” असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याआधी नुसता आवंढा गिळला.

तो घशातून सॅटिनसारखा सुळकन खाली उतरला.