डावा कान

देवापुढच्या दिव्याची आण घेऊन सांगते, यातलं काहीही माझ्या पदरचं नाही.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. दिवेलागणीची वेळ. रोह्याची आमची छोटी लॅब.

मी पेणहून तिथे साफसफाईला जाते. तिथलं मशीन पॉलिमर वितळवून, धाग्यावर धागा ठेवत, कानाचा जाळीदार सांगाडा छापतं. त्यावर पेशी वाढवून पुढे कान घडवायचा, असा लॅब चालवणाऱ्या निकेश सरांचा प्रयत्न.

रोज संध्याकाळी पोथीचा एक अध्याय वाचायचा, हा माझा नेम. आमचे हे होते तोवर समोर बसायचे. उजव्या कानाने त्यांना जन्मापासून ऐकू यायचं नाही आणि माझा आवाज बारीक. मग डावा कान पुढे करून म्हणायचे, "वाच गो, ऐकतोय."

ते गेले.

रिकाम्या घरात वाचवेना. मग मी लॅबमध्येच, मशीनशेजारी बसून वाचू लागले. त्याच्या सर्र सर्र आवाजाची तेवढीच सोबत.

त्या दिवशी आम्ही मशीन पुजलं. प्लग काढला, झेंडू वाहिला. माझी पोथीही पूजेत मांडली. पुजलेलं हत्यार चालवायचं नाही, पुजलेली पोथी उघडायची नाही.

"काकू, चला ना! गाडीत जागा हाय," मशीन चालवणारी रोहिणी म्हणाली. "देवाला पण द्या की एक दिवस सुट्टी!"

"समई निवू दे गो. पेटता दिवा सोडून कशी येऊ?"

ती हसत गेली.

मी एकटीच उरले. आज नेम मोडणार, म्हणून जीव खालीवर होत होता. आज यांना कोण वाचून दाखवणार?

आणि...

सर्र... सर्र...

प्लग जमिनीवरच होता. कुंकू लावलेला.

मी बसल्या जागेवरून पाहत होते. थरावर थर चढत गेला...

मग आवाज थांबला.

कान.

आम्ही छापतो ते सगळे उजवे. हा डावा होता.

पाळ चिरलेली...

लहानपणी धरमतरच्या खाडीवर मासे धरायचा गळ अडकून यांच्या डाव्या कानाची पाळ चिरली होती. अगदी तशीच.

मी पोथी उघडली नाही. हात जोडून, आठवेल तसा अध्याय म्हटला. शेवटच्या ओवीला समई निवली.

अंधारात कुणीतरी सावकाश श्वास सोडला...

दसऱ्यानंतर निकेश सर चिडले. "याची फाइलच नाय मशीनमध्ये! कोणी छापला हा?"

मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी तो कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला. दुपारी गाडी आली. मी फाटकापर्यंत धावले...

गाडी कुठे जाते, कुणालाच माहीत नाही.

नेम चालू आहे.

परवा रोहिणीने विचारलं, "काकू, हल्ली एवढ्या मोठ्याने का गो वाचता?"

मी फाटकाकडे तोंड केलं आणि पुढची ओवी आणखी मोठ्याने वाचली.