अळणी तिखलं

मी हे कुणाला घाबरवायला लिहीत नाही. घडलं तेच लिहितो. त्या दिवशी माझ्याबरोबर जेवलेली दोन माणसं अजून हयात आहेत. त्यांना विचारलंत तर तीही हेच सांगतील.

फक्त ती मान वर करून सांगतील.

मी अक्षरं साठीत शिकलो. त्याआधी हे तोंडाने सांगायचा प्रयत्न केला, पण सांगवलं नाही.

साल चौऱ्याऐंशी. माघातली भर दुपार. रत्नागिरीच्या दक्षिणेला, पूर्णगडाच्या जरा पुढे.

हो, दुपारच. टळटळीत ऊन होतं.

माझा लहानपणीचा दोस्त अयूब मस्कतहून सुट्टीवर आला होता. त्याने मुंबईत एक जुनी फियाट घेतली होती. मी चिरेखाणीत कामाला.

अयूब म्हणाला, "भागोजी, जन्मभर दगड फोडलेस. चल, दर्याच्या कडेकडेने राजापूरपर्यंत जाऊ. मासा चांगला मिळेल तिथे थांबू."

माझी बायको सगुणा मागे बसली. "मासा बरा नाय लागला तर ह्यांचं तोंड तुमीच सांभाळा, भावोजी. घरात रोज नावं ठेवतात."

"वहिनी, म्हणून तर मी मस्कतला पळालो!"

आम्ही तिघेही हसलो.

भाट्याच्या वाळूत अनवाणी चाललो. पावसला शहाळी प्यायलो. वाटेत कलमांना मोहोर आला होता, त्याचा वास गाडीत भरला. पूर्णगडाच्या तटावर बसून खाडीतल्या होड्या बघितल्या. खाली उतरलो तेव्हा पोटात आग पडली होती.

थोडं पुढे गेलो आणि वास आला... तिरफळाचा. तिरफळ घातलेलं बांगड्याचं झणझणीत तिखलं शिजत होतं.

रस्त्याला लागून एकच घर. दार उघडं. दारात एक बाई उभी.

मी गाडीतूनच ओरडलो, "वहिनी, जेवायला मिळेल काय?"

ती आमच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "या. तुमचीच वाट बघत होते."

आम्ही पडवीत बसलो.

बसलो आणि समुद्राचा आवाज बंद झाला...

समुद्र समोर दिसत होता. लाट फुटत होती. आवाज नव्हता.

आमच्याकडे मासा शिजला की कौलावर कावळे जमतात. इथे एकही कावळा नव्हता. ताटात बांगडा आला, पण त्यावर माशी बसली नाही. ती वाढत होती, हातात काकणं होती... काकणं वाजत नव्हती.

हे सगळं मला नंतर आठवलं. तेव्हा मी भुकेला होतो.

पहिला घास घेतला. अळणी!

सगुणानेही घेतला. तिने मला डोळ्याने दटावलं आणि बाईला म्हणाली, "छान झालंय हो." अयूब काही न बोलता जेवत राहिला.

बाई माझ्याकडे बघत होती. "चव हाय ना?"

मी मोठ्याने हसलो. "अहो वहिनी, मीठच विसरलात! हे माणसाने खायचं कसं?"

तिचा चेहरा पडला. तिने मान खाली घातली आणि ती आत गेली. मीठ काही आणलं नाही.

निघताना मलाच वाईट वाटलं. मी आत डोकावून म्हणालो, "येतो हां, वहिनी. आता आंबे लागले की येतो. तेव्हा मीठ घाला."

निघताना आपण 'येतो' म्हणतोच. त्यावर कुणी काही विचारत नाही.

आतून आवाज आला...

"नक्की?"

मी हसून "नक्की" म्हणालो.

वळणापर्यंत गेलो तर अयूबला आठवलं, त्याचा काळा चष्मा पडवीत राहिला. गाडी वळवली.

घराच्या दाराला कुलूप होतं.

चष्मा पडवीतच होता. आमची ताटं नव्हती. तेवढ्यात समुद्राकडून चार-पाच माणसं आली. पुढच्याचं डोकं नुकतंच भादरलेलं, अंगावर ओला पंचा.

"कोण तुमी?" त्याने विचारलं. "मी महिपत. घर माझंच. आज बायकोचा दहावा होता, समदी किनाऱ्यावर होतो."



त्याने कुलूप काढलं. आत चुलीजवळ पिठावर दिवा जळत होता. चूल थंड. कितीतरी दिवसांची थंड.

"कावळा शिवला?" सगुणाने हळूच विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. "पाव्हणे यायचे व्हते. बांगड्याचं तिखलं चुलीवर व्हतं. मीठ घ्यायला उठली आन् तिथंच पडली. पाव्हणे आले ते उपाशीच गेले. तेवढंच मनात राह्यलं आसंल तिच्या. मगाशी एक कावळा आला वो. पिंडाला चोच लावनार..."

त्याने मागे वळून दर्याकडे बघितलं.

"...आन् कुनी हुसकावल्यागत मागं फिरला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला."

अयूब माझ्याकडे बघत नव्हता. सगुणाही नाही.

त्या माणसाला सांगायला हवं होतं. निदान एवढं, की ती दिसली, तिने आम्हाला पोटभर वाढलं. मी तसाच गाडीत जाऊन बसलो.

त्या वर्षी आंबे लागले. एका दुपारी सगुणाने कालवण वाढलं. मुलं मिटक्या मारत जेवली. माझा घास अळणी.

आणि आमच्या पडवीतून आवाज आला...

"येताव ना?"

तो आवाज फक्त मला ऐकू आला. तेव्हापासून दरवर्षी येतो. अयूबला नाही, सगुणाला नाही. ते दोघं नीट जेवले होते.

सगुणा म्हणते, "जावा एकदा. चार घास खावा, चांगलं म्हना. सुटंल बिचारी."

एकदा गेलोही होतो. पूर्णगडापुढे एसटीतून उतरलो. तिरफळाचा वास आला... आणि समुद्राचा आवाज बंद झाला. मी उलट्या पावली परत फिरलो. खाणीत सुरुंग लावणारा माणूस मी, एका ताटाला भ्यालो.

आता मी कुणाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाही. नुसता उठतो. लोकांना वाटतं, म्हातारा तुसडा आहे.

यंदाही आंबे लागले. काल दुपारी घास तोंडात घेतला... अळणी. मी ताटावरूनच मोठ्याने म्हणालो, "छान झालंय, वहिनी. फार छान झालंय."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, सुटली.

मग अगदी जवळून, दाराआडून, ओशाळलेला आवाज आला...

"मीठ नाय ना त्यात?"

मी ताटावरून मान वर केली नाही.