रिकाम्या खाचेतला चढ

भोपाळच्या पिपलानीतल्या त्या क्वार्टरच्या खिडक्यांवर भर दुपारी रजया टांगलेल्या दिसल्या की शेजारपाजारचे लोक हसायचे. ‘देवपुजारीसाहेबांचा सिनेमा लागला’ म्हणायचे. मग साहेबांच्या पत्नी कमलिनीबाई गेल्या आणि त्या खिडक्या उघड्याच राहिल्या. एक्याऐंशी सालच्या डिसेंबरात, एका रविवारी जेवणं आटोपल्यावर, त्यांच्या मुलीने, वैजयंतीने, स्वतः स्टुलावर चढून त्या रजया पुन्हा टांगल्या.

प्रभाकर देवपुजारी मूळचे नागपूरचे. कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि भोपाळचेच झाले. कामाखेरीज त्यांना एकच नाद होता, कॅमेऱ्याचा. तोही फक्त निसर्गाचा. रविवारी पहाटे स्कूटर काढायची, मागे कमलिनीबाई बसायच्या, मांडीवर चहाचा थर्मास, आणि केरवा, हलाली, भोजपूर, जिथे उजेड चांगला पडेल तिकडे निघायचं. फोटोत माणूस आलेला त्यांना चालत नसे. “माणूस आला की डोळा आधी त्याच्याकडे जातो,” असं त्यांचं म्हणणं. कमलिनीबाई म्हणायच्या, “बरं, मी आपली स्कूटरपाशी उभी राहते.” आणि खरंच त्या जन्मभर चौकटीच्या बाहेर उभ्या राहिल्या. त्या गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला एक धड फोटो सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा मोठा करून घेतला. तो पुसटच आला.

दर जानेवारीत टाउनशिपच्या क्लबात साहेबांच्या स्लाइड्स दाखवल्या जात. त्यामागचं संगीत निवडायचं काम कमलिनीबाईंचं. कुठल्या तळ्याला सतार आणि कुठल्या खडकाला सारंगी, ते त्या डोळे मिटून ठरवायच्या. त्या गेल्यावर कार्यक्रमच बंद पडला. यंदा वैजयंतीने हट्ट धरला. अरेरा कॉलनीतल्या शाळेत ती शिकवायची. संध्याकाळी घरी यावं तर बाबा अंधारात बसलेले असायचे, दिवासुद्धा लावलेला नसायचा. हे तिला बघवत नव्हतं.

“संगीत मी निवडते, तुम्ही नुसतं हो की नाही सांगा,” ती म्हणाली, आणि शेजारच्या विलासकडून पिशवीभर कॅसेट घेऊन आली. विलास बँकेत होता आणि पगारातला बराचसा भाग गाण्याबजावण्यावर घालवायचा.

तर त्या दुपारी खोलीत अंधार झाला. प्रोजेक्टरचा दिवा लागला, पंखा घरघरू लागला, तापलेल्या धुळीचा वास आणि रजयांमधल्या डांबरगोळ्यांचा वास एकमेकांत मिसळला. भिंतीवर बडा तालाब उमटला. पहाटेचा, करडा, काठाशी एक रिकामी होडी. वैजयंतीने सतार लावली.

“नको,” बाबा म्हणाले. “फार घाईत आहे ती.”

केरव्याच्या पाण्यावर संतूर लावून पाहिलं. “नको.” रायसेनच्या किल्ल्यावर बासरी. “सगळेच बासरी लावतात गं. मैलभर गुराखी नसला तरी.”

वैजयंती हसली. कितीतरी दिवसांनी बाबा असं काही बोलले होते. पण थोड्या वेळाने तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. संगीत सुरू झालं की बाबा पुढे झुकून बसत, कान देत, पण ते संगीताला नव्हे. फडक्याखालची वस्तू चाचपावी तसे ते सुरांच्या खालचं काहीतरी चाचपत होते. आणि मग ‘नको’ म्हणत.

हलालीकाठच्या गव्हाच्या शेताची स्लाइड भिंतीवर होती तेव्हा कॅसेट संपली. वैजयंती पिशवीत दुसरी शोधू लागली. खोलीत फक्त पंख्याची घरघर. आणि त्या घरघरीत तिला वारा ऐकू आला. ओल्या गव्हावरून जाणारा, लांबून येऊन लांब निघून जाणारा वारा. खिडकीवरची रजई हलत असेल म्हणून तिने मागे पाहिलं. रजई जागच्या जागी होती.

मग अगदी जवळ, भिंतीवरच्या चित्राच्या डाव्या कडेला, कुणीतरी थर्मासचं झाकण फिरवलं. बांगड्या किणकिणल्या. चहा ओतल्याचा आवाज आला.

“अहो... घेतलात का फोटो? गार होतोय.”

वैजयंतीच्या हातातली कॅसेट गळून पडली. तो आवाज पुसट नव्हता. आई जशी बोलायची तसाच होता, थोडा कंटाळलेला, थोडा कौतुकाचा.

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या लहान मुलासारखा आनंद होता.

“तुलाही ऐकू येतं?” त्यांनी हळूच विचारलं. “मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय.”

दिवाळीत कपाट आवरताना त्यांनी सहज प्रोजेक्टर लावून पाहिला होता, तेव्हापासून हे चालू होतं. दिवा पेटलेला असला आणि खोली शांत असली म्हणजे नीट ऐकू यायचं. म्हणून त्यांना कुठलंच संगीत नको होतं.

ती दुपार त्या दोघांनी कशी घालवली ते वैजयंतीला पुढे कुणाला सांगता आलं नाही. भीती वाटली होती, पण ती सुरुवातीला. नंतर एकेक स्लाइड पुढे सरकत गेली आणि आई बोलत गेली. भोजपूरच्या खडकांपाशी ती चप्पल काढून पायातला काटा शोधत होती आणि उगाच काट्यावर रागावत होती. भीमबेटक्याला लिंबू कापल्यासारखा आंबट वास खोलीत आला, आणि “मिठाची पुडी विसरले बघा” असं ती म्हणाली. केरव्याला आधी पाण्यात खडे टाकल्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “वैजूला सांगू नका हं, पण तिला बांधून घातल्यासारखं आपण इथे ठेवलंय, असं मला वाटतं कधीकधी.” आणि कॅमेऱ्याची कळ दाबल्याचा आवाज आला. बाबांनी त्या वेळी काही उत्तर दिलं नव्हतं. आता अंधारात त्यांनी मुलीचा हात धरला.

बाहेर कारखान्याच्या रविवारच्या पाळीचा भोंगा झाला. सायकली घंटा वाजवत निघाल्या. ट्रेमधली शेवटची स्लाइड संपली तेव्हा बाबांचा हात घाईघाईने बटणाकडे गेला.

“पुढे काही नाही. रिकामी खाच आहे.”

पण यंत्र त्याआधीच पुढे सरकलं होतं. भिंतीवर नुसता पांढरा उजेड पडला.

“बंद कर, वैजू.”

“थांबा ना बाबा...”

पांढऱ्या उजेडात आधी काहीच नव्हतं. मग पानं वाजली. वाळलेली, जाड, सागाची असावीत तशी पानं. कुणीतरी चढ चढत होतं. एक पाऊल, मग उसंत, मग दुसरं. शेवाळाचा गार, ओला वास आला, भर डिसेंबरात, कोरड्या खोलीत. चढणाऱ्याला धाप लागली होती. तो खोकला. आधी घशातल्या घशात, मग मोठ्याने.

तो खोकला वैजयंती जन्मल्यापासून ऐकत आली होती. तिने बाबांकडे पाहिलं. ते तिच्या शेजारी, ओठ घट्ट मिटून बसले होते.

“सावकाश या,” वरून आईचा आवाज आला. अगदी मायेने आला. “घाई नाही काही. मी आहे इथेच.”

वैजयंतीने प्लगच ओढून काढला. खोलीत अंधार झाला.

“ही कुठली जागा, बाबा?”

“तिथे मी कधी गेलेलो नाही.” त्यांचा आवाज शांत होता. “पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिची हाक फार लांबून येत होती. नीट कळतसुद्धा नव्हती. आता... आता तसं लांब नाही.”

“तुम्ही रोज ऐकता?”

त्यांनी प्रोजेक्टरची वायर चाचपून गुंडाळायला घेतली.

“बाबा, रोज ऐकता का?”

“तिला एकटीला उभं केलं गं मी जन्मभर,” ते म्हणाले. “स्कूटरपाशी.”

त्या रात्री वैजयंतीने ठरवलं. कार्यक्रम होणार, आणि संगीतासकट होणार. रिकाम्या खाचेत तिने काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा बसवला. बल्ब काढून स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला. आणि बाबा कामावर असत तेव्हा, शाळेतून लवकर येऊन, बल्ब परत बसवून ती दुपारच्या दुपार एकटी कॅसेट लावून बघू लागली. कमलिनीबाई चित्राला शोभेल असं संगीत शोधायच्या. त्यांची मुलगी चित्राला गप्प करील असं संगीत शोधत होती.

पण काही केल्या जमेना. सतारीखालून वारा येई. सारंगीखालून बांगड्या वाजत. सनई लावली तर तिच्याही वर आईचा आवाज आला, “केवढ्यांदा लावलंय गं हे,” आणि वैजयंतीला रडू फुटलं. रडतारडता ती हसली. तिला वाटलं, हे सगळं सोडून द्यावं आणि नुसतं ऐकत बसावं. काळा पुठ्ठा काढावा. तो चढ कुठवर जातो ते बघावं. या विचारानेच ती दचकली, कारण तो विचार फार गोड होता.

पिशवीच्या तळाशी एक कॅसेट राहिली होती. तिच्यावर नाव नव्हतं. तिने ती लावली. नुसता तंबोरा होता. गाणं नाही, गत नाही, चार तारा एकामागून एक झंकारत होत्या. भिंतीवर हलालीचं शेत होतं. वैजयंती वाऱ्याची वाट बघत बसली. वारा आला नाही. थर्मास नाही, बांगड्या नाहीत. पुढची स्लाइड, त्यापुढची. खडक नुसते खडक होते आणि पाणी नुसतं पाणी होतं.

सगळं थांबलं होतं. तिला हवं होतं ते मिळालं होतं, आणि आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं तिला झालं.

संध्याकाळी तिने बाबांना ते ऐकवलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. पुढे झुकले, कान दिला, मग हळूहळू मागे टेकून बसले.

“हेच लावायचं?”

“हो.”

“यात तुझी आई नाही, वैजू.”

“माहीत आहे.”

“मग?”

“तुम्ही आहात ना,” ती म्हणाली. “मला अजून... तुमचा आवाज इथे हवाय, बाबा. या खोलीत. तिथे नको.”

प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांचे केस अगदी पांढरे दिसत होते.

“बरं,” ते शेवटी म्हणाले. “तंबोरा चांगला आहे. तिलाही आवडला असता.”

जानेवारीतला तो कार्यक्रम लोकांच्या लक्षात राहिला. क्लबाच्या हॉलमध्ये मागे उभं राहायलाही जागा नव्हती. तंबोरा झंकारत होता, पडद्यावर एकामागून एक तळी, शेतं, डोंगर येत होते आणि कुणी खाकरतही नव्हतं. शेवटी काळा पुठ्ठा आला, पडदा काळा झाला, दिवे लागले. बायकांनी डोळे पुसले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाबा मंचावर जाऊन दोन शब्द बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चारचौघांत कमलिनीबाईंचं नाव घेतलं.

त्यानंतर ते सुधारले. संध्याकाळी दिवा लावू लागले. वैजयंतीला म्हणाले, “चल, तुझे फोटो काढतो. मागे डोंगर नको, काही नको, नुसती तू.” आणि खरंच त्यांनी अंगणातल्या जास्वंदीशेजारी तिला उभं करून फोटो काढले, तिच्या पुढ्यातला उजेड हाताने मोजत, कुरकुरत, लाड करत. उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. दोघं इंद्रपुरीत बांधलेल्या छोट्या घरात राहायला गेली. प्रोजेक्टर बांधाबांधीत खोक्यात गेला तो तसाच राहिला. कॅसेटची पिशवी तिने निघण्याआधी विलासला परत केली होती.

एका रविवारी सकाळी विलास नवीन घर बघायला आला. बाबा आत दाढी करत होते. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि निघताना त्याने खिशातून एक कॅसेट काढून तिच्या हातात दिली.

“ताई, ही तुमची माझ्याकडे आली होती. तंबोऱ्याची.”

“तुझीच आहे की. तुझ्या पिशवीतली.”

“नाही हो. मी तंबोरा कधी टेपवर भरलाच नाही. मला लागलं, तुमच्या आईंची असेल.” तो जरा घुटमळला. “कॅसेटची दुसरी बाजू पण ऐकली मी काल. माफ करा हं, घरचं आहे हे आधी कळलं नाही.”

“दुसऱ्या बाजूला काय आहे?”

“तुम्ही कुठे पिकनिकला गेले असाल तेव्हाचं असेल. कुणीतरी पानांवरून चढतंय, बराच वेळ. धाप लागलीये. मग तुम्ही हाक मारता.”

“मी?”

“आवाज तर बिलकुल तुमचाच आहे, ताई. ‘बाबा, थांबा’ म्हणता. दोन-तीनदा म्हणता. ‘बाबा, थांबा ना, मी येतेय.’”

आतून नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. वैजयंतीने कॅसेट उलटी करून पाहिली. त्या बाजूलाही नाव नव्हतं.

“मग?” तिने विचारलं. “थांबले का ते?”

विलासने खांदे उडवले.

“तिथेच तर टेप संपते.”