पेलिकनच्या नावावरचे तास

"अहो... पेन्सिलीनं नका टोचू त्याला!"

होबार्टच्या धक्क्यावर गरम चिप्स खात, हातातल्या यंत्राचा पडदा पेन्सिलीनं टोचत बसलेल्या टॅमसिननं दचकून वर पाहिलं. समोर एक तरुण उभा होता. विस्कटलेले केस, भिजलेला स्वेटर, आणि चेहरा असा, की जणू तिनं पेन्सिल त्याच्याच पोटात खुपसली होती!

"माझं यंत्र, माझी पेन्सिल. तुम्हाला का दुखतंय?"

त्याला दुखत होतं, कारण त्या जातीच्या तळहाताएवढ्या यंत्रांवर त्याचा भारी जीव होता. टॅमसिन लाकडी होड्या दुरुस्त करायची. यंत्रावर होडीच्या नावाला टिचकी मारली, की त्या कामाचं घड्याळ सुरू व्हायचं, ते थांबवेपर्यंत चालू. आणि हा तरुण, अँगस, त्या नोंदींसाठी एक कोड लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहीत होता. कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडावी आणि संगणकावर नोंदी वाचाव्यात. तीही फुकट!

"आणि चुकलेली नोंद दुरुस्त करायची असेल तर?"

"ते... अजून नाही. वाचणं सोपं असतं हो. लिहिताना जरा चुकलं, तर सगळंच जायचं."

हिवाळाभर चहाच्या कपामागून तो हेच सांगत राहिला. 'अहो'चं 'अगं' झालं, बोलता बोलता तो तिच्या केसांतला भुसा अलगद काढू लागला, पण पुढे गाडी सरकेना. टॅमसिन पार प्रेमात पडली होती. आणि समुद्रापारच्या ऑकलंडमधल्या होड्यांच्या कारखान्यातून तिला नोकरीचं बोलावणं आलं होतं.

शनिवारी धक्क्यावर चिप्स खाताना तिनं यंत्र त्याच्यापुढे ठेवलं. "पेलिकनचे तास बघ."

"एवढे? इवलीशी तर होडी आहे ती!"

"तुझ्याबरोबर बसले, की घड्याळ बंद करायचं विसरते मी. तिच्या बिचाऱ्या म्हाताऱ्या मालकाला आपल्या गप्पांचं बिल पाठवू?"

अँगसचे कान लालबुंद झाले. "अगं, पण लिहिण्याचा भाग अजून कच्चा..."

"लिही, अँगस. गेलं तर गेलं. सोमवारी मला ऑकलंडला कळवायचंय... जाणार की नाही ते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या संगणकाला यंत्राची तार जोडली, श्वास रोखला आणि बटण दाबलं. सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या!

"पेलिकनचे जादा तास काढले," तो हळूच म्हणाला. "पण ते कुठेतरी ठेवायला हवेत... नवं नाव देऊ?"

"दे की."

समुद्रपक्ष्यानं त्याची चिप पळवली, तरी त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं टाइप केलं – टॅमसिन आणि अँगस.

"जाऊ नकोस," तो एका दमात म्हणाला. "म्हणजे... ऑकलंड छानच आहे. पण मला तू आवडतेस. फार. त्या पेन्सिलीपासून."

"केवढा उशीर रे!" टॅमसिन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. त्याचा हात घट्ट धरून तिनं नव्या नावावर टिचकी मारली. घड्याळ सुरू झालं.

"आता हे बंद करायला विसरले ना... तर आठवण करून देऊ नकोस."